संज्या, फी भरण्याआधी हे वाच

बेळगाव

प्रिय संज्या,

निपाणीत राहून, कारखान्याची नोकरी सांभाळून जनसंपर्कात ऑनलाइन एम. ए. करायचं म्हणतोस, तर कर की. पण फी भरण्याआधी थोडं ऐक.

जाहिरातीतल्या 'यूजीसी मान्यताप्राप्त'वर भुलू नकोस. विद्यापीठाला मान्यता असणं वेगळं आणि तोच अभ्यासक्रम ऑनलाइन शिकवायची परवानगी असणं वेगळं. यूजीसीच्या दूरशिक्षण ब्यूरोच्या, म्हणजे डीईबीच्या, संकेतस्थळावर यादी असते. विद्यापीठ, पदवीचं नेमकं नाव आणि तुझं सत्र, हे तिन्ही तिथं जुळायला हवं. २०२० च्या नियमावलीनुसार फ्रँचायझी चालत नाही. तेव्हा 'आमच्या सेंटरमधून ॲडमिशन करून देतो' म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार, पैसे थेट विद्यापीठाच्या खात्यात. प्रवेशाला डीईबी आयडी लागतो, त्याआधी एबीसी, म्हणजे ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा, आयडी. आपल्याकडची पोरं इथंच अडकतात: एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, मार्क्स कार्डावर 'पाटील एस. बी.' आणि आधारवर लांबलचक पूर्ण नाव. हे आधी निस्तर. शेवटच्या आठवड्यात सर्व्हरही दमतो, तूही दमशील.

वेळेचं सांगतो. मुक्त विद्यापीठांत एका क्रेडिटला साधारण ३० तास अभ्यास धरतात. चार क्रेडिटचे पाच विषय म्हणजे सत्राला ६०० तास, वीस आठवड्यांत आठवड्याला ३०. गळीत हंगामात तुला हे जमणार नाही. त्या सत्राच्या असाइनमेंट हंगामाच्या तोंडावरच उरकायच्या, नाहीतर सत्र गेलं समज.

व्हिडिओ किती तासांचे, हे विचारू नकोस. ते यूट्यूबवरही फुकट आहेत. प्रेसनोट, मोहिमेचा आराखडा आणि प्रबंध तपासून, शेरे मारून परत कोण देतं, ते विचार. उत्तर गुळमुळीत आलं तर पुढचं विद्यापीठ बघ.

थिअरीत ग्रुनिग आणि हंट या अभ्यासकांची जनसंपर्काची १९८४ ची चार प्रारूपं येणारच. बरेच जण ती इतिहासाच्या पायऱ्या म्हणून लिहितात आणि मार्क घालवतात. खरं तर एकाच कारखान्यात चारही एकाच वेळी चालतात. चेअरमनसाहेबांच्या वाढदिवसाचे फलक ही निव्वळ प्रसिद्धी. ऊसदराचं पत्रक ही माहिती. शेतकऱ्यांचं मत अजमावून त्यांना आपल्याकडे कसं वळवायचं ते ठरवणं, हे दुतर्फा असूनही एकांगी. आणि बैठकीत शेतकरी बोलले म्हणून तोडणीचं वेळापत्रक बदललं, तर तो समतोल. उत्तरात ही उदाहरणं घाल.

प्रेसनोट तीनशे शब्दांच्या आत ठेव. पहिल्या परिच्छेदात कोण, काय, कुठे, कधी. अध्यक्षांचं मनोगत दुसऱ्यात, तेही दोन वाक्यं. मराठी आणि कन्नड नोट वेगवेगळ्या लिही, कारण चिकोडीच्या वार्ताहराला जो तपशील हवा तो बेळगावच्या डेस्कला नको असतो. मजकूर युनिकोडमध्येच, ईमेलच्या अंगातच टाक. श्रीलिपी किंवा नुडीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली नोट समोरच्याच्या मोबाइलवर भलतीच अक्षरं दाखवते, आणि संध्याकाळच्या गडबडीत ती कोण दुरुस्त करत बसणार? फोटोखाली नावं डावीकडून, हुद्द्यांसह.

मोजमाप हा विषय मन लावून कर. आपल्याकडे अजून कात्रणं मोजतात: तीन कॉलम, बारा सेंटिमीटर, म्हणजे ३६ कॉलम-सेंटिमीटर, गुणिले जाहिरातीचा दर, झाली लाखांची कमाई! ऊसबिल थकल्याची बातमीही तेवढीच जागा खाते. या हिशेबानं बदनामीही नफ्यात जाते. जनसंपर्काच्या मोजमापासाठी ठरलेल्या २०१० च्या बार्सिलोना तत्त्वांनी हे जाहिरातमूल्य मोडीत काढलं. तू मोहिमेआधी आणि नंतर ऊसनोंदीचे अर्ज मोज, तक्रारीचे फोन मोज. मोहिमेआधीचा आकडाच नसेल, तर नंतरच्या आकड्याला अर्थ नाही.

प्रबंधासाठी विषय दारातच आहे: ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णाकाठच्या गावांना वर्तमानपत्रांतून कोणती सूचना कधी मिळाली. दोन मराठी, दोन कन्नड दैनिकं, ३१ दिवस, म्हणजे सुट्ट्या वगळून सव्वाशेच्या आत अंक. विषय नोंदवण्याआधी अंक मिळतात का ते बघ. जुने ई-पेपर नेहमीच सापडतात असं नाही, आणि शहर आवृत्तीत जे आलं ते तालुक्याच्या पानावर असेलच असं नाही. दहा टक्के अंकांचं कोडिंग, म्हणजे बातम्यांची ठरलेल्या व्याख्यांप्रमाणे वर्गवारी, दुसऱ्याकडूनही करून घे. दोघांची वर्गवारी किती जुळते हे सांगणारा क्रिपेनडॉर्फ अल्फा ०.८० च्या खाली आला तर तुझ्या कोडिंगच्या व्याख्याच सैल आहेत. आकडे जुळवत बसू नकोस, व्याख्या घट्ट कर आणि पुन्हा कोडिंग कर.

ऑनलाइन परीक्षेला राउटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस आणि दुसऱ्या कंपनीचं सिम तयार ठेव. खोलीत कुणी डोकावलं तरी कॅमेऱ्यात नोंद होते, तेव्हा वहिनींना आधीच सांगून ठेव.

माहितीपुस्तिकेची पीडीएफ मात्र पैसे भरायच्या आधी पाठव. विषयांची यादी आणि मूल्यमापनाचं पान एवढंच बघायचंय मला.

तुझा,
महेश