बुटांच्या चर्चेतून जरा वेळ काढून वाच

प्रिय सुहास,

आपल्या एव्हरेस्ट बेस कॅम्प ट्रेकच्या ग्रुपवर पंधरा दिवस बूट, जॅकेट आणि पॉवर बँक यांशिवाय विषय नाही. तिथं लिहिलं तर वाहून जाईल, म्हणून तुला हे वेगळं पत्र.

मागे नेपाळला गेलो होतो तेव्हाची एक गोष्ट तुलासुद्धा सांगितली नव्हती, लाज वाटते म्हणून. वाटेत कमरेएवढी दगडी भिंत लागली. मी सॅक तिच्यावर टाकली नि नाडी बांधायला टेकलो. मागून पाठीवर गवताचा भारा घेतलेल्या एक आजी आल्या. बोलल्या काहीच नाहीत. माझी सॅक उचलून खाली ठेवली, दगडांवरून हात फिरवला आणि भिंत उजव्या हाताला ठेवून निघून गेल्या. मग नीट पाहिलं, तर दगडांवर मंत्र कोरलेले. ती बौद्धांची पवित्र मणी भिंत होती. देवळाच्या प्रदक्षिणेसारखीच ती उजवीकडे ठेवून चालायची असते. एवढं साधं मला ठाऊक नव्हतं!

म्हणून आता एव्हरेस्ट बेस कॅम्पला निघण्याआधी वाचायला बसलोय. पहिला दणका 'शेर्पा' या शब्दानंच दिला. आपण ओझी वाहणाऱ्या कुणालाही शेर्पा म्हणतो, पण ते कामाचं नाव नाहीच. 'शर' म्हणजे पूर्व, 'पा' म्हणजे तिथला माणूस. काही शतकांपूर्वी तिबेटातून इकडे येऊन राहिलेला हा समाज. आपलं सामान उचलणारा राई किंवा तमांग अशा दुसऱ्या समाजाचाही असेल. तेव्हा "ए शेर्पा" बंद, सरळ नाव विचारायचं. त्यातही गंमत आहे. पुष्कळ शेर्पांची नावं जन्मवारावरून असतात: सोमवारचा दावा, मंगळवारचा मिंग्मा, बुधवारचा ल्हाक्पा, गुरुवारचा फुर्बा, शुक्रवारचा पासांग, शनिवारचा पेंबा, रविवारचा निमा. एका तुकडीत तीन पासांग निघाले तर हसू नकोस.

वाटेतला तेंगबोचेचा बौद्ध मठ १९१६चा. १९३४च्या भूकंपात पडला, १९८९मध्ये जळला, दोन्ही वेळा पुन्हा उभा राहिला. तिथं सेल्फीची घाई करणाऱ्यांना आवरायचं काम तुझं, माझं कुणी ऐकत नाही.

पण मला सगळ्यात भिडला तो खुंबिला डोंगर. वाटेतल्या नामचे गावाच्या वरच्या अंगाला दिसेल. उंची ५,७६१ मीटर, म्हणजे एव्हरेस्टच्या ८,८४८पुढे लिंबूटिंबूच. तरी त्याच्या माथ्यावर कुणी जात नाही, कारण तो खुंबूचा, म्हणजे शेर्पांच्या या मुलखाचा, रक्षक देव. पलीकडे एव्हरेस्टवर चढायला रांगा लागतात आणि या बुटक्याला सगळे खालूनच हात जोडतात! आपल्या छापील कार्यक्रमात त्याचं नावसुद्धा नाही. नामचेला मुक्कामाचा दिवस आहेच, त्या दिवशी त्याला नीट बघू.

रविवारच्या बैठकीत सामानाची यादी लवकर उरकून अर्धा तास मला दे. भाषण नाही ठोकणार, भिंतीची गोष्ट मात्र सांगेन, हसले तरी चालेल.

आणि तुझा जन्मवार काकूंना विचारून कळव. मी शुक्रवारचा.

तुझा,
पासांग (!)