पाहुण्यांच्या खोल्यांतल्या जुन्या वस्तूंची यादी लोकांसमोर ठेवा : कला आणि संस्कृती मंत्र्यांना खुलं पत्र

मा. कला आणि संस्कृती मंत्री, गोवा सरकार

मंत्रीसाहेब, सप्रेम नमस्कार.

थेट विषयावर येतो. आपल्या सरकारच्या ज्या ज्या खोल्यांत पाहुण्यांना बसवतात, मग ते काबोच्या भूशिरावरचं राज्यपालांचं निवासस्थान असो, पणजीच्या आल्तिनो टेकडीवरचे सरकारी बंगले असोत नाहीतर पणजीच्या जुन्या इमारतींतले हॉल असोत, तिथे जे काही जुनं आहे ना, खुर्च्या, टेबलं, झुंबरं, आरसे, चित्रं, चिनी मातीची भांडी, त्याची वस्तूवार यादी करा, फोटोसकट, आणि ती यादी लोकांना बघायला मिळू द्या. आणि ती होईपर्यंत त्यातली एकही वस्तू विकायची नाही, पॉलिशला द्यायची नाही, इकडची तिकडे करायची नाही असा आदेश काढा. मागणी एवढीच आहे. का करतोय ते मात्र जरा लांबवर लिहिणार आहे, वेळ काढून वाचा ही विनंती.

सरकारी ऑफिसात फर्निचरची नोंद कुठे होते? डेड स्टॉक रजिस्टरात, म्हणजे टिकाऊ सामानाच्या वहीत. त्यात लिहिलेलं असतं "लाकडी खुर्च्या, १२ नग". बस्स. ती खुर्ची मागच्या वर्षी टेंडर काढून घेतलेली आहे की दीडशे वर्षांपूर्वी कुठल्या तरी मेस्ताने, म्हणजे सुताराने, शिसवीत कोरलेली आहे, हे त्या ओळीवरून कधीच कळत नाही. केंद्राच्या २०१७ च्या जनरल फायनान्शियल रूल्समध्ये आहे की अशा मालाची वर्षातून एकदा तरी प्रत्यक्ष मोजणी करायची, आणि निकामी ठरला की त्याची विल्हेवाट लावायची. नियम चांगलाच आहे, पण तो पंखे, कॉम्प्युटर, स्टीलची कपाटं यांच्यासाठी. त्याच नियमात कोरीव खुर्ची अडकली की काय होतं बघा, पाय हलतोय म्हणून ती निकामी, निकामी म्हणून लिलावात, लिलावात भाव लाकडाचा. ज्याने सही केली त्याने नियमाने केली, ज्याने घेतली त्याने पैसे मोजून घेतली, कोणीच चोरी केली नाही आणि तरी वस्तू गेली. म्हणून मी कुठल्या कर्मचाऱ्याला दोष देत नाहीये, रजिस्टरातच कॉलम नाहीये तर तो बिचारा लिहिणार कुठे.

माझे वडील फोंड्यात फर्निचर पॉलिशचं काम करायचे, म्हणून हा भाग मला जवळचा आहे आणि इथे मी थोडा जास्त बोलणार. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, मलमलीच्या फडक्यात कापूस गुंडाळायचा आणि पातळ पातळ हात मारत राहायचे, एक सुकला की दुसरा, दिवस दिवस चालायचं. या पॉलिशची खरी गंमत काय, तर ते परत स्पिरिटने निघतं. म्हणजे पन्नास वर्षांनी कोणाला दुरुस्ती करायची झाली तर लाकडाला धक्का न लावता करता येते. आता काय होतं, साबांखाकडे, म्हणजे सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, फाइल जाते, ठेकेदार येतो, मशीन लावून काचपेपर मारतो, जुना थर तर जातोच पण कोरीव कामाच्या धारा पण जातात, पटाशीच्या खुणा जातात, आणि वर मेलामाइन नाहीतर पीयू (पॉलियुरेथेन) या रासायनिक लॅकरचा स्प्रे, चकचकीत. तो थर स्पिरिटने विरघळत नाही, काढायचा झाला तर परत घासूनच काढावा लागतो, म्हणजे परत लाकूड कमी. फोटोत नवीन दिसतं, उद्घाटनाला बरं दिसतं, पण ज्या गोष्टीवरून जाणकार माणूस सांगू शकला असता की हे काम साधारण कुठल्या काळातलं, कुठल्या हातचं, ती पुसून गेलेली असते.

वेताच्या खुर्च्यांचं तर विचारूच नका. बैठक फाटली की विणणारा शोधायला कोणाला वेळ नसतो, मग वर प्लायवूड, त्यावर फोम, त्यावर रेक्झिन, आणि चौकटीत खिळे. शंभर वर्षांच्या सुकलेल्या शिसवीत खिळा ठोकला की ती चिरते, आज नाही तर दोन पावसाळ्यांनी. एका सरकारी कार्यालयाच्या मागच्या व्हरांड्यात मी अशा खुर्च्या एकमेकांवर रचून ठेवलेल्या पाहिल्यात, वर पावसाची झड येत होती. विचारलं तर उत्तर मिळालं की राइट ऑफचा, म्हणजे नोंदीतून काढून टाकायचा, प्रस्ताव पाठवलाय. मी तिथे जास्त बोललो नाही, पण घरी येऊन रात्री झोप लागली नाही, खरं सांगतो.

आणि आपल्याकडची हवा! वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस, त्यात काबो म्हणजे तिन्ही बाजूंनी समुद्र, खारं वारं. ऑफिसच्या वेळेत एसी फुल्ल आणि रात्री बंद, की लाकूड रोज आक्रसतं आणि रोज फुगतं. जडावकामाचे तुकडे सुटतात, सांधे ढिले होतात, चित्राचा रंग पापुद्रा धरतो. हवेतला ओलावा एकसारखा ठेवला तर वस्तू टिकते, रोजचे चढउतार तिला मारतात. वाळवीचं तर सांगायलाच नको, ती कुठला काळ बघत नाही.

आता मला माहीत आहे की कोणी तरी तुमच्या कानात सांगेल, हे सगळं पोर्तुगीजांचं, त्याचं एवढं कौतुक कशाला. मंत्रीसाहेब, या मुद्द्याला मी टाळणार नाही. साडेचारशे वर्षांची सत्ता होती, देवळं पाडली, इन्क्विझिशन, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा छळ, झालं, ते विसरा असं कोणीच म्हणत नाही. पण त्या वस्तू केल्या कोणी? इथल्या चारी समाजातल्या मेस्तांनी केल्या, इथल्या हातांनी केल्या. ऑर्डर देणाऱ्याचं नाव कागदावर राहिलं आणि करणाऱ्याचं राहिलं नाही. जुने गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात व्हाइसरॉयांच्या तसबिरी आहेत, बहुतेकांनी शाळेच्या सहलीत बघितल्या असतील. ती मालिका १५४७ मध्ये तेव्हाचा पोर्तुगीज गव्हर्नर दों जुआंव द काश्त्रु याने सुरू केली, गव्हर्नराच्या वाड्यात लावायला, म्हणजे ती पण एक प्रकारे पाहुण्यांना दाखवायचीच खोली होती. गास्पार कोरेया नावाच्या इतिहासकाराला रेखाटनाचं काम दिलं आणि त्याने स्वतःच लिहून ठेवलंय की रंगवायला हाताशी इथलाच एक चित्रकार होता, चांगली नैसर्गिक कला असलेला. नाव लिहिलं नाही. गोव्यातल्या त्या काळच्या चित्रकाराबद्दलची इतकी मोठी नोंद आणि तिच्यात त्याचं नावच नाही, हे वाचलं की मला अजून राग येतो.

त्याच तसबिरींची पुढची गोष्ट पण तुम्हाला उपयोगाची आहे. शतकानुशतकं त्या दर थोड्या काळाने "नीट" केल्या गेल्या, म्हणजे वरून परत रंगवल्या गेल्या, ज्याला जसं जमलं तसं, इतक्या वेळा की त्या पहिल्या चित्रकाराचा हात आज बऱ्याच तसबिरींच्या लाकडी फळ्यांवर वरच्या रंगांखाली दडलाय. म्हणजे आज ठेकेदार स्प्रे मारून जे करतो तेच तेव्हाही होत होतं. हौसेने, चांगल्या हेतूने.

पोर्तुगीज खुणांचं काय करायचं याचं उत्तर पणजीत आधीच दिलेलं आहे, चालत जाऊन बघता येतं. इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझा ही सांस्कृतिक संस्था. १८७१ साली सुरू झाली तेव्हा वास्को द गामाचं नाव होतं. आत प्रवेशदालनात जॉर्ज कुलासु या पोर्तुगीज चित्रकाराने १९३५ मध्ये केलेल्या आझुलेजु, म्हणजे चित्रं रंगवलेल्या, टाइल्स आहेत, पोर्तुगीज कवी कामोंइशच्या महाकाव्यातले प्रसंग, सगळा पोर्तुगीज दर्यावर्दींचा गौरव. गोवामुक्तीनंतर, १९६३ मध्ये, आपल्या लोकांनी नाव बदललं आणि संस्थेला लुईस द मिनेझिस ब्रागांझांचं नाव दिलं, ज्यांनी पोर्तुगीज सत्तेविरुद्ध लेखणी चालवली त्यांचं. टाइल्स मात्र फोडल्या नाहीत. आज तिथे उभं राहिलं की दोन्ही गोष्टी एकदम कळतात, कोण राज्य करायला आलं आणि कोण त्याच्या विरोधात उभं राहिलं. एवढी शहाणी गोष्ट आपल्या लोकांनी मुक्तीनंतर दोन वर्षांत केली, जखमा ताज्या असताना! आपण साठ वर्षांनी तेवढं तरी करू शकतो.

बाहेरचं एक उदाहरण देतो, कारण ते नेमकं आपल्या प्रश्नाचं आहे. अमेरिकेत १८८२ मध्ये त्यांच्या राष्ट्राध्यक्षांनी, चेस्टर आर्थर त्यांचं नाव, व्हाइट हाउसमधलं जुनं सामान २४ गाड्या भरून लिलावात काढलं. तेव्हा ते जुनाट वाटलं. पुढे पस्तावले. १९६१ मध्ये त्यांनी कायदाच केला की व्हाइट हाउसमधल्या ऐतिहासिक वस्तू कोणत्याही राष्ट्राध्यक्षाला विकता येणार नाहीत, तिथे नको असतील तर त्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे जातील. आणि त्याच वर्षी त्यांच्या परराष्ट्र खात्याच्या नव्या इमारतीतल्या स्वागतकक्षांचं काम सुरू झालं. आठव्या मजल्यावर नव्याकोऱ्या काँक्रीटच्या खोल्या होत्या, शोभा काही नव्हती, मग लोकांकडून देणग्या आणि वस्तू मागून, सरकारी पैसा न घेता, त्यांनी हळूहळू ५००० हून जास्त वस्तू जमवल्या. ब्रिटनशी स्वातंत्र्याचा तह १७८३ मध्ये ज्या टेबलावर सही झाला ते टेबल आज तिथे आहे. वस्तूंची नोंद आहे, त्यांच्या देखभालीसाठी क्युरेटर आहे, आणि सामान्य माणसाला टूर घेऊन त्या खोल्या बघता येतात, परदेशी मंत्री जिथे जेवतात त्याच. १९६१, मंत्रीसाहेब. त्याच वर्षी डिसेंबरात आपण मुक्त झालो. तेव्हापासून आपण एक यादी केली असती तर आज कुठे असतो.

बरं, आपल्याकडे जमवायची पण गरज नाही, आहेच. मांडवीकाठचा आदिलशहाचा वाडा घ्या. १७५९ पासून व्हाइसरॉय तिथे राहिले, १९१८ मध्ये ते तिथून काबोला गेले, मुक्तीनंतर तिथेच सचिवालय, आणि ९ जानेवारी १९६४ ला आपली पहिली विधानसभा तिथेच बसली, भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री असताना. विधानसभा पर्वरीला गेली ती २००० साली. म्हणजे या एका वास्तूतून राज्यकर्ते दोनदा बिऱ्हाड हलवून गेले, आणि बिऱ्हाड हलतं तेव्हाच वस्तू हरवतात हे कुठल्याही घरातली बाई सांगेल. काय काबोला गेलं, काय पर्वरीला गेलं, काय कुठल्या खात्याच्या स्टोअरमध्ये पडलं? ज्या टेबलावर आपल्या पहिल्या आमदारांनी कागद ठेवले ती टेबलं कुठे आहेत? हे पोर्तुगीजांचं नाही, हे आपलं आहे, भाऊसाहेबांच्या काळचं आहे, आणि याचीही यादी लोकांपुढे आलेली नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांची अट आहे, त्यामुळे १९१८ ला जे काबोला गेलं ते तर आता शंभरीच्या पुढेच गेलंय, पण १९६४ चं काहीच त्यात बसत नाही, त्यासाठी राज्यालाच वेगळा नियम करावा लागेल.

आणि भिंतींवर आपल्या चित्रकारांची चित्रं पण लावा ना. सांतेइस्तेवचे आंजेलु द फोंसेका, सांग्यातून मुंबईच्या जेजे स्कूलपर्यंत गेलेले आंतोनियु त्रिंदाद, साळगावचे फ्रान्सिस न्यूटन सूझा, मडगावचे लक्ष्मण पै, आणि ज्यांच्या चित्रांनी मराठी दिवाळी अंकांची मुखपृष्ठं सजली ते दीनानाथ दलाल पण गोव्याचेच. एखाद्या देशाचा राजदूत आला आणि त्याला बसायला दिलेल्या खोलीत यातलं एक चित्र, खाली मेस्ताने केलेली खुर्ची, बाजूला मराठी, कोंकणी, इंग्रजीत छोटी पाटी, तर गोवा म्हणजे काय हे त्याला बीचच्या पोस्टरपेक्षा जास्त कळेल. छापील फ्लेक्स आणि प्लॅस्टिकची फुलं तेवढी काढा, हात जोडून सांगतो.

हे करायला फार पैसा लागत नाही. आल्तिनोवर आपलं कला महाविद्यालय आहे, मुलं फोटो आणि मापं घेऊ शकतात, त्यांनाही शिकायला मिळेल. संग्रहालयांच्या नोंदीसाठी पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने बनवलेलं जतन नावाचं सॉफ्टवेअर देशातल्या मोठ्या संग्रहालयांत वापरतात, नवीन काही बनवायला नको. दुरुस्तीसाठी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला संवर्धन केंद्र आहे, लखनौला केंद्राची प्रयोगशाळा आहे. साबांखाच्या टेंडरमध्ये फक्त एक अट घाला की यादीतल्या वस्तूला संवर्धकाच्या लेखी सल्ल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि वर्षातून काही दिवस ते हॉल लोकांसाठी उघडा. काबोच्या कपेलात, म्हणजे तिथल्या छोट्या चर्चमध्ये, १५ ऑगस्टच्या फेस्ताला (सणाला) लोक आत जातातच, तेव्हा सुरक्षेचं जमतं, तर याचंही जमेल.

एक गोष्ट मात्र थांबण्यासारखी नाही म्हणून ती आधी करा. कुठली वस्तू कुठून आली, कुठल्या साली कुठल्या खोलीतून हलवली, झुंबर कोणी उतरवलं, चांदीची भांडी कुठल्या कपाटात असायची, हे सगळं आज कागदावर नाही, ते जुन्या शिपायांच्या, खानसाम्यांच्या, केअरटेकरांच्या आणि सुतारांच्या डोक्यात आहे. यातले बहुतेक केव्हाच रिटायर झालेत, काही गेले. फोटोचं काम पुढच्या वर्षी झालं तरी चालेल पण या माणसांना याच पावसाळ्याआधी बोलवा, त्या खोल्यांतून फिरवा आणि ते जे सांगतील ते रेकॉर्ड करून घ्या. पेन्शनच्या कागदांत त्यांचे पत्ते तुमच्याच खात्यांकडे आहेत.

उत्तराची वाट बघतो.

आपला,
एका पॉलिशवाल्याचा मुलगा
फोंडा, गोवा