पेंटरकाका, माझ्या चित्राला हात न लावल्याबद्दल

आदरणीय पेंटरकाका,
सादर नमस्कार.

परवा तुमच्यासमोर धड बोलता आलं नाही, म्हणून लिहितोय. तेही चारचौघांत, कारण चित्रकारांच्या बैठकीत तुमचा विषय कधी निघत नाही. ज्या कोल्हापुरात बाबुराव पेंटरांनी नाटकांचे पडदे रंगवले, तिथं सिनेमाचे बोर्ड रंगवणाऱ्याला कलाकार म्हणताना आमची जीभ का अडते, कोण जाणे.

पंचगंगा घाटावर बसून केलेलं माझं ६ बाय ८ इंचांचं स्केच झकास होतं. तेच ३ बाय ४ फुटांवर नेलं की रेषा बरोबर, दीपमाळ जागच्या जागी, आणि ऊन गायब! भरपूर फी घेणाऱ्या एका कार्यशाळेत सांगितलं, फोटो काढा, प्रोजेक्टर लावा, गिरवा. दुसऱ्या एका नामवंतांनी तर माझ्या हातातून ब्रशच घेतला आणि बघता बघता माझ्या कॅनव्हासवर स्वतःचं चित्र करून टाकलं. टाळ्या पडल्या. ते चित्र मी घरी भिंतीकडे तोंड करून ठेवलंय.

तुम्ही पोस्टकार्डाएवढ्या फोटोवरून वीस फुटी चेहरे रंगवलेले. चौकटी आखून चित्र मोठं करण्यात तुमचा हात धरणारं कोणी नाही, आणि तुम्हीच म्हणालात, "चौकटीनं रेघ मोठी हुतीया, ऊन न्हाई." बाजू सहापट म्हणजे जागा ३६ पट. स्केचमध्ये पायरीखालची सावली दीड इंचाच्या एका फटकाऱ्यात येते. मोठ्यात तीच वीतभर मेलेली पट्टी होते. तिथं पाण्यावरून उसळणारा उजेड हवा, ओल्या दगडाचा रंग हवा, आणि तो बघायला पुन्हा घाटच गाठायला हवा. आधी साध्या कापडावर, त्याच मोठ्या मापात, नुसती उजेड-सावली करायला लावलीत. जॉन कॉन्स्टेबल या इंग्रज निसर्गचित्रकारानंही १८२१च्या ‘द हे वेन’ या चित्रासाठी आधी तेवढंच सहा फुटी कच्चं चित्र केलं होतं, ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. तुम्ही हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.

पण आभार या शिकवणीचे नाहीत. सावली चुकतेय हे तुम्हाला दिसलं, ब्रश तुमच्या हातात होता, रंगही कालवलेला होता. तुम्ही पेपरचा कोपरा फाडलात, त्यावर रंग ओढलात आणि तो तुकडा माझ्या कॅनव्हासला न टेकवता समोर धरलात. "असा चालंल का बघा. चित्र तुमचं हाय."

काका, माझे डोळे भरून आले ते तिथं. येत असूनही हात आवरणारी माणसं मी फार थोडी पाहिलीत. कलेतच नव्हे, घरात, कचेरीत, कुठंही.

पैशांचं नाव काढू दिलं नाहीत, चहाचेही तुम्हीच दिलेत. आता रंकाळ्याचं स्केच झालंय, कॅनव्हास ताणून ठेवलाय. रविवारी याल ना? रद्दी आमच्याकडे भरपूर आहे.

आपला नम्र,
घाटावरचा चित्रकार