रुवनवेलीसाय स्तूपाच्या तापल्या फरशीवर भेटलेल्या अक्कांना

प्रिय अक्का,

तुमच्यासोबतचा तरुण तुम्हाला याच नावानं हाक मारत होता, म्हणून मीही तीच मारते. हे पत्र तुमच्या हाती पडेलच असं नाही आणि पडलं तरी मराठी तुम्हाला वाचता यायची नाही. पण लिहिल्याशिवाय राहवत नाहीये. श्रीलंकेतल्या अनुराधापूरला निघालेल्या एखाद्यानं तरी वाचावं.

माझी माय नागपूरची. तिचे वडील १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर होते. तिथल्या बोधिवृक्षाची फांदी अनुराधापूरहून आणलेली, हे ती लहानपणापासून ऐकत आलेली. त्यामुळे बोधगया झाल्यापासून तिचा एकच धोसा होता: सम्राट अशोकाच्या लेकीनं, संघमित्रेनं, सिंहलात नेऊन लावलेलं ते झाड एकदा बघायचं. पेन्शनमधून पैसे बाजूला टाकत टाकत तिनं आमच्याच भागातल्या एका यात्रावाल्याकडे नाव नोंदवलं. त्याच्या पत्रकात अनुराधापूरच्या ‘आठही पवित्र स्थानांचं दर्शन’ असं ठळक छापलं होतं.

आठांतली दोन दाखवली, तीही घड्याळ लावून. जेतवनाचा स्तूप, विटांचा तो डोंगर, एके काळी १२२ मीटर उंच, आम्ही बसच्या खिडकीतून पाहिला. बोधिवृक्षापाशी माय सोनेरी कठड्याखाली हात जोडून बसली, वंदना निम्म्यावर आली आणि आमच्या म्होरक्यानं शिट्टी वाजवली. खरंच शिट्टी, शाळेत पीटीच्या सरांकडे असते तसली. विमानतळावर हाच माणूस करुणा या विषयावर सगळ्यांना उभं करून बोलला होता.

रुवनवेलीसायला पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. चपला बाहेर काढायच्या. ‘ज्यांना झेपत नाही त्यांनी बसमध्ये बसा, मी मोबाइलवर फोटो दाखवतो,’ असं सांगून तो पुढे गेला. माय बसमध्ये बसणारी नव्हे. पण तिला शुगर आहे, तळपायाला चटका कळत नाही. फोड आल्यावर कळतं. हत्तींच्या भिंतीतून आत आलो तर ती दगडी फरशी नुसती भाजत होती. मला पाय टेकवत नव्हता आणि माय मात्र स्तूपाकडे बघत आरामात चालली होती. तिला मागे ओढावं की पुढे पळवावं, मला सुचेना. आमच्या गटातले लोक सावली गाठायच्या घाईत होते.

तुम्ही तिच्या पायांकडे बघितलंत. कसं लक्षात आलं, मला अजून कोडं आहे. फुलांचं तबक त्या मुलाकडे दिलंत, मायचा दंड धरून तिला कडेच्या मंदिराच्या पायरीवर बसवलंत आणि खाली बसून तिचे पाय सरळ आपल्या मांडीवर घेतलेत. बाटलीतलं पाणी ओतलंत. पांढऱ्याशुभ्र साडीच्या पदरानं तळवे टिपलेत. मग स्वतःच्या पायांतले मोजे काढून तिला चढवलेत. ती पाय मागे घेत होती. ज्यांची सावलीसुद्धा लोक टाळत, त्या माणसाची ती मुलगी. अनोळखी बाईनं आपला पाय मांडीवर घ्यावा, हे तिच्या हिशेबात कुठंच बसत नव्हतं. ‘काहून करते वं बाई,’ एवढंच ती म्हणत राहिली. तुम्ही सिंहलीत काहीतरी दटावलंत आणि दुसरा मोजा ओढलात.

आणि मग त्याच फरशीवरून तुम्ही अनवाणी चाललात, आमच्याबरोबर, अख्खी प्रदक्षिणा.

तबकातली अर्धी निळी कमळं तुम्ही तिच्या ओंजळीत घातलीत. फुलं वाहतानाची पाली गाथा, ‘वण्ण-गन्ध-गुणोपेतं’, तुम्ही सुरू केलीत, मायनं दुसऱ्या शब्दापासून धरली. तुमची चाल वेगळी, तिची वेगळी, पण शेवटपर्यंत कुणी कुणासाठी थांबलं नाही.

तुमच्या त्या मुलानं मोडक्या इंग्रजीत हा स्तूप बांधणाऱ्या दुट्टगामणी राजाची गोष्ट सांगितली. स्तूप पुरा व्हायच्या आधीच राजा मरणपंथाला लागला, तेव्हा भावानं अपुऱ्या कामावर पांढरं कापड पांघरून तो पुरा झाल्यासारखा त्याला दाखवला. मला लगेच आमचं पत्रक आठवलं. न झालेलं काम झाल्यासारखं दाखवणं तेही होतं, हेही. फक्त त्या भावानं राजाकडून आगाऊ पैसे घेतले नव्हते.

चांगली माणसं फार बोलत नाहीत, असं म्हणतात. तुम्ही सारख्या बोलत होतात, आम्हाला कळतंय की नाही याची जराही फिकीर न करता. नावगाव मात्र विचारलं नाहीत, सांगितलंही नाहीत. मोज्यांचे पैसे देऊ केले तर रागावलात. पुढं जाता जाता सहज दुसऱ्याच्या पायाकडे नजर जाणारी तुमच्यासारखी माणसं सगळीकडे थोडी थोडी असतील, असं मला तेव्हापासून वाटतं. गर्दीत ती दिसत नाहीत, कारण ती खाली वाकलेली असतात.

मायच्या पायाला एकही फोड आला नाही. डॉक्टरांनी तपासून सांगितलं.

ती म्हणते, त्या बाईला दसऱ्याला बोलाव. अक्का, या खरंच. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर पाय ठेवायला जागा नसते, लाखो लोक येतात, पण आमच्याकडे राहायची सोय आहे. माय वरण-भात आणि वांग्याची भाजी करेल. तिखट कमी घालायला मी सांगेन, ती ऐकेल याची खात्री नाही.

तुमची,
नागपूरची एक लेक