मथळ्यातलं वय

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पंचविशीतल्या मुलानं दुभाजकावर गाडी घातली, तर बातमीत वेग येतो, दारू येते, पावसानं निसरडा झालेला रस्ता येतो. सत्तरीतल्या माणसानं तेच केलं की मथळ्यात फक्त त्याचं वय. पुढचं वाचकांनी समजून घ्यायचं : साठी बुद्धी नाठी. मी ७४ वर्षांची आहे, ४५ वर्षं गाडी चालवते आहे, म्हणून या मथळ्यांवर दोन शब्द.

मागच्या महिन्यात आमच्या गाडीच्या मागच्या बंपरला पोचा आला. कुणी केला, हे घरात कुणी विचारलंच नाही. मुलगा हलक्या आवाजात म्हणाला, "आई, आता किल्ली माझ्याकडे राहू दे." दोन दिवसांनी नातवानं कबूल केलं. एका हातात फोन धरून रिव्हर्स घेताना त्यानं गाडी खांबावर घातली होती. त्याची किल्ली मात्र त्याच्याकडेच राहिली.

वयाचा काहीच परिणाम होत नाही, असं मी म्हणणार नाही. किलोमीटरमागे अपघात मोजले तर अगदी तरुण चालकांचा दर सर्वांत जास्त भरतो. मध्यमवयात तो उतरतो, साठीतही खालीच असतो आणि सत्तरी ओलांडल्यावर, विशेषतः ऐंशीच्या पुढे, पुन्हा चढतो. पण या चढणीत दोन गोष्टी लपलेल्या असतात आणि त्या सहसा कुणी सांगत नाही.

पहिली म्हणजे हाडं. तीच धडक, तोच वेग. पंचविशीतला प्लास्टर घालून घरी जातो, ऐंशीच्या माणसाच्या बरगड्या मोडतात, श्वास नीट घेता येत नाही, न्यूमोनिया होतो आणि तो जातो. म्हणजे मृत्यूंचे आकडे बऱ्याच अंशी आमचं चालवणं मोजत नाहीत, आमचा ठिसूळपणा मोजतात.

दुसरी म्हणजे, किती चालवतो आणि कुठे. वर्षाला तीस हजार किलोमीटर चालवणारा त्यातले बरेचसे महामार्गावर काढतो. तिथे सगळे एकाच दिशेनं चाललेले, आडवं येणारं कुणी नाही. निवृत्त माणूस वर्षाला दोन-तीन हजार चालवणार, तेही दवाखाना, बाजार, बँक असं. दर दोनशे मीटरवर चौक, त्यात मधेच रस्ता ओलांडणारी माणसं. इथे किलोमीटरमागे अपघात जास्तच होणार, चालक तिशीचा असला तरीसुद्धा. फिनलंडमधल्या चालकांची माहिती घेऊन २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सारखंच अंतर चालवणाऱ्या तरुण आणि वयस्कर चालकांची तुलना केली, तेव्हा वयस्करांचा दर जास्त निघाला नाही.

मग वय नडतं कुठे? एक म्हणजे चौकात, समोरून येणारी वाहनं ओलांडून वळताना. एकाच वेळी समोरच्या गाडीचा वेग, पायी चालणारे, सिग्नल, आरसा एवढं सगळं पाहायचं आणि मान तर पूर्वीसारखी वळत नाही. दुसरं, रात्री. डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता तेव्हाचा एक प्रसंग मला आठवतो. समोरच्या हेडलाइटचा झोत आला आणि पुढे चाललेला सायकलवाला नाहीसाच झाला. झोत गेला, तो पुन्हा दिसला. मधले ते दोन सेकंद मी विसरलेले नाही. ताशी ६० किलोमीटर वेगानं दोन सेकंदांत गाडी ३३ मीटर पुढे जाते. शस्त्रक्रिया होईपर्यंत मी अंधार पडल्यावर गाडी काढली नाही. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात झालेल्या आणि २००२ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोतीबिंदू काढून घेतलेल्यांचा अपघातांचा दर, तो तसाच ठेवणाऱ्यांच्या निम्माच आढळला होता. कुणाला आजोबांची काळजी वाटत असेल, तर किल्लीच्या आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे बघावं.

आमच्या पिढीचेही गैरसमज आहेत, ते झाकून कशाला ठेवू? "पन्नास वर्षांत साधा ओरखडा नाही," हे काचबिंदूला ऐकू जात नाही. "मी हळू चालवतो" हेही पुरेसं नाही. चौकातली चूक हळू गाडीतही होते. आणि झोपेची किंवा सर्दीची गोळी घेऊन सकाळी स्टिअरिंगवर बसणारे तर माझ्या ओळखीतच चार-पाच आहेत. गुंगी येते का, हे डॉक्टरांना विचारायला त्यांना कमीपणा वाटतो.

सरसकट वयाची अट घालून तपासणी करा, ही मागणी दर अपघातानंतर होते. ऐकायला बरी वाटते. फिनलंडमध्ये सत्तरीनंतर परवान्यासाठी वैद्यकीय तपासणी होती, शेजारच्या स्वीडनमध्ये नव्हती. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या या दोन देशांच्या तुलनेत फिनलंडला त्या तपासणीचा अपघातांच्या बाबतीत काही फायदा दिसला नाही. उलट तिथे पायी चालणारे वयस्कर लोक जास्त मरत होते. परवाना गेलेला माणूस घरी बसत नाही, तो रस्त्यावर येतो आणि तिथे त्याच्याभोवती गाडीचा पत्राही नसतो. डेन्मार्कनं तर २०१७ मध्ये ७५ वर्षांची तशी अट काढूनच टाकली.

ज्याला स्मृतिभ्रंश आहे, फिट येते, नजर गेली आहे, त्याला थांबवलंच पाहिजे, मग तो ८० चा असो की ४० चा. ते त्याच्या डॉक्टरला आणि शेजारी बसणाऱ्याला आधी कळतं. जन्मतारखेला नाही. आपल्या वार्ताहरांना एवढीच विनंती, की वय छापा, पण त्याच्यासोबत वेळ रात्रीची होती का, वळण होतं का, वेग किती होता, हेही छापा.

बंपर अजून दुरुस्त व्हायचा आहे. नातू पैसे साठवतो आहे.

आपली,
एक ज्येष्ठ वाचक