लॅपटॉप घेताना त्याची झोपही तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली टाकून घेण्याचा सल्ला आता सर्रास दिला जातो, आणि तो चांगलाच आहे. मात्र नाशिकच्या महात्मा गांधी रोडवर सेकंडहँड लॅपटॉप घेताना गिऱ्हाईक रॅम विचारते, एसएसडी विचारते; झाकण मिटल्यावर यंत्र खरोखर झोपते का, हे कोणी विचारत नाही. मग पहाटे सॅकमध्ये टाकलेला लॅपटॉप पंचवटी एक्स्प्रेसमधून दादरला उतरेपर्यंत तापलेला आणि बॅटरी संपलेला निघतो. खापर लिनक्सवर फुटते.

मूळ बहुतेक वेळा बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होताच सर्वांत आधी चालणाऱ्या प्रणालीत, असते. पूर्वी एस-थ्री ही झोप असे: रॅम सोडून जवळपास सगळ्याची वीज बंद. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक यंत्रांत ती मिळतच नाही. उरते एस-टू-आयडल, म्हणजे यंत्र चालूच, फक्त एकेक भाग डुलक्या घेतो. त्यातला एक एसएसडी किंवा एक ड्रायव्हर जागा राहिला, की प्रोसेसरही गाढ झोपत नाही.

टर्मिनलमध्ये (लिनक्सला कमांड देण्याच्या खिडकीत) 'कॅट' कमांडने /सिस/पॉवर/मेम_स्लीप ही फाइल वाचा (टाइप अर्थातच रोमन लिपीत करायचे). 'डीप' दिसले तर एस-थ्री आहे. चौकटी कंसातला प्रकार सध्या लागू. डीप आहे पण कंसाबाहेर, तर ग्रब या लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅममधल्या कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) ओळीत मेम_स्लीप_डिफॉल्ट=डीप जोडावे. डीप नसेलच तर बायोस उघडावा. काही थिंकपॅडमध्ये 'स्लीप स्टेट'खाली विंडोज आणि लिनक्स असे दोन पर्याय असतात; त्यातला लिनक्स निवडला की एस-थ्री मिळते. वायरलेस माउसचा डोंगलही काढून ठेवावा, त्याच्या नुसत्या धक्क्याने यंत्र जागे होऊ शकते.

हायबरनेटची गोष्ट वेगळी. त्यात रॅममधला मजकूर डिस्कवर राखून ठेवलेल्या जागेत, म्हणजे स्वॅपमध्ये, लिहून यंत्र पूर्ण बंद होते, त्यामुळे बॅटरी संपली तरी काम शाबूत राहते. निफाड-दिंडोरीकडे वीज तासन्‌तास जाते तिथे खरा उपयोग याचाच. पण उबुंटू या लिनक्सच्या प्रकारात हा पर्याय २०१२ पासून मुळात बंद ठेवलेला असतो आणि स्वॅप फाइलही बहुधा अपुरी असते. ८ जीबी रॅमला ८ जीबी स्वॅप धरावा. फेडोरा या दुसऱ्या प्रकारातला झेडरॅम हा स्वॅप इथे कामाचा नाही, तो स्वतःच रॅममध्ये असतो. स्वॅप फाइल वापरणार असाल तर कर्नलला दोन गोष्टी सांगाव्या लागतात: ती ज्या पार्टिशनवर आहे त्याचा यूयूआयडी (ओळख-क्रमांक) 'रिझ्यूम'मध्ये आणि फाइलची सुरुवात 'रिझ्यूम_ऑफसेट'मध्ये. हा आकडा ईएक्सटी-फोर या फाइलव्यवस्थेवर 'फाइलफ्रॅग -व्ही' या कमांडच्या उत्तरातल्या आकड्यांच्या पहिल्या ओळीत, फिजिकल ऑफसेटच्या रकान्यात मिळतो. बीटीआरएफएस या दुसऱ्या फाइलव्यवस्थेवर फाइलफ्रॅगचा आकडा चुकीचा ठरतो. स्वॅप फाइल नव्याने केली की आकडाही बदलतो, आणि जुनाच राहिला तर लॅपटॉप निमूटपणे कोरा सुरू होतो. न जतन केलेले काम गेले. शेवटी ग्रब आणि इनिटरॅमएफएस (सुरू होताना कर्नलबरोबर आधी लोड होणारा फाइलींचा संच) दोन्ही अपडेट करायचे. दुसरे विसरणारेच जास्त.

सिक्युअर बूट (फक्त प्रमाणित सॉफ्टवेअरच सुरू होऊ देणारी बायोसमधली सोय) चालू असताना उबुंटू, फेडोरा हायबरनेट होऊच देत नाहीत. ते बंद करण्याआधी, विंडोजही असेल तर, बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की कागदावर लिहून घ्यावी. आणि लिनक्स हायबरनेट असताना विंडोज सुरू करून सामाईक पार्टिशनवर काही लिहू नये, फाइलव्यवस्था बिघडते.

दुकानदारांना विनंती एवढीच, की गिऱ्हाइकाला पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवू द्यावे, झाकण दहा मिनिटे मिटून उघडू द्यावे आणि वायफाय, आवाज, टचपॅड परत येतात का ते पाहू द्यावे. लॅपटॉपवरच्या चिठ्ठीत रॅमच्या आकड्याशेजारी 'डीप आहे / नाही' एवढे लिहायला जागा नक्की निघेल.

– लिनक्स वापरणारे काही वाचक, नाशिक