रिबाउंड किती घेतले, त्याआधी संधी किती होत्या ते छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पानावर हल्ली बास्केटबॉलला जागा मिळू लागली आहे, याचा आनंद आहे. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचे निकाल येतात, प्लेऑफचं वेळापत्रक येतं, अधूनमधून एखाद्या संघाची चिरफाडही असते. पण त्यात ‘हा संघ रिबाउंडमध्ये कमकुवत आहे’ असं वाक्य आलं, की पुरावा म्हणून एकच आकडा पुढे केला जातो: दर सामन्यामागे सरासरी रिबाउंड, म्हणजे शॉट चुकल्यावर उडालेले किती चेंडू संघाने ताब्यात घेतले. लगेच पुढच्या ओळीत उपाय ठरलेला, उंच सेंटर (बास्केटजवळ खेळणारा खेळाडू) घ्या. एवढ्याशा आकड्यावर एवढं निदान टिकत नाही, म्हणून हे पत्र.

रिबाउंड मिळायला आधी कुणाचा तरी नेम चुकावा लागतो. समजा, एका संघाला बचाव करताना ४० चेंडू रिबाउंडसाठी मिळाले आणि त्यांनी २८ घेतले. हे झाले ७० टक्के. दुसऱ्या संघाला ५० मिळाले, त्यांनी ३३ घेतले. हे झाले ६६ टक्के. आपल्या तक्त्यात ३३वाला वर दिसेल आणि २८वाला ‘कमकुवत’ ठरेल. प्रत्यक्षात तीनातला एक चेंडू प्रतिस्पर्ध्याला परत देऊन बसतो तो ३३वाला. एनबीएत बचाव करणारा संघ साधारणपणे चारातले तीन चेंडू ताब्यात घेतो, त्या मापाने तसे दोघेही नापासच. मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करते. किती नग बाद झाले हे सांगताना किती तपासले ते आधी सांगितलं नाही, तर आमचे साहेब कागद तसाच परत करतात. क्रीडा पानावरही तेवढीच अपेक्षा आहे.

एक जुना सामना घेऊ, कारण त्यात सगळं आलं आहे. २०१० च्या एनबीए फायनलचा सातवा सामना, लेकर्स विरुद्ध सेल्टिक्स. आपल्याकडे १८ जूनची सकाळ होती, ठाण्याहून मुंबईला लोकलने निघायची वेळ. लेकर्सनी ८३ शॉटपैकी २७ बास्केटमध्ये टाकले, म्हणजे ३२.५ टक्के. त्यांच्या कोबी ब्रायंटचे २४ पैकी ६. सेल्टिक्सनी ७१ पैकी २९ टाकले. एवढी दळभद्री नेमबाजी करून लेकर्स ८३-७९ जिंकले आणि विजेते झाले.

आता रिबाउंड पाहा. आपल्या बास्केटखालचे, म्हणजे डिफेन्सिव्ह रिबाउंड सेल्टिक्सचे ३२ आणि लेकर्सचे ३०. नुसते हे दोन आकडे छापले असते, तर सेल्टिक्सचा बचाव सरस वाटला असता. पण लेकर्सनी स्वतःच्याच चुकलेल्या शॉटवर २३ ऑफेन्सिव्ह रिबाउंड घेतले, सेल्टिक्सनी फक्त ८. म्हणजे सेल्टिक्सच्या बास्केटखाली ५५ चेंडू मोकळे झाले आणि त्यातले ३२च त्यांच्या हाती लागले, ५८ टक्के. पलीकडे लेकर्सनी ३८ पैकी ३० घेतले, ७९ टक्के. सेल्टिक्सचा सेंटर केंड्रिक पर्किन्स सहाव्या सामन्यात गुडघा दुखावून बाहेर गेला होता, हेही विसरू नये. संघाची कायमची खोट आणि एका खेळाडूविना पडलेलं खिंडार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका सामन्यावरून त्या वेगळ्या करता येत नाहीत, त्याला निदान वीस-पंचवीस सामन्यांची टक्केवारी लागते.

खोट सापडली, तरी ती किती महाग पडते हा हिशेब कुणी मांडत नाही. बचावात सामन्याला ४५ चेंडू मिळत असतील आणि संघ चार टक्के मागे असेल, तर सुमारे दोन चेंडू जास्त सुटतात. आजच्या एनबीएत एका पझेशनला, म्हणजे चेंडू ताब्यात असतानाच्या एका चढाईला, सरासरी १.१ गुणांच्या आसपास मिळतात. म्हणजे सामन्याला दोनेक गुण. ऐकायला किरकोळ, पण ८२ सामन्यांच्या मोसमात सरासरी दोन गुणांच्या फरकाने पाचेक विजय इकडचे तिकडे होतात. मात्र बास्केटबॉलचे आकडेतज्ज्ञ डीन ऑलिव्हर यांनी विजयाचे चार घटक मांडले, त्यात नेमबाजीला ४० टक्के वजन आहे, चेंडू गमावण्याला २५, रिबाउंडला २० आणि फ्री थ्रोला १५. शॉटच पडत नसतील, तर रिबाउंडच्या नावाने बोटं मोडण्यात अर्थ नाही.

उंच सेंटरचं म्हणाल, तर २०१८-१९ चा मिलवॉकी बक्स आठवा. ब्रुक लोपेझ सात फुटी, आणि रिबाउंड सामन्याला ४.९! कागदावर हा माणूस आळशी. पण तो आपल्या माणसाला पाठीवर घेऊन, रेटून बाहेर ठेवायचा आणि संघातला यानिस आंटेटोकुंपो मोकळा चेंडू उचलायचा, सामन्याला १२.५. त्या मोसमात संघ बचावातल्या रिबाउंडच्या टक्केवारीत लीगच्या अगदी वरच्या रांगेत होता आणि ६० सामने जिंकला. ओक्लाहोमाच्या संघात सेंटर स्टीव्हन ॲडम्स आणि गार्ड रसेल वेस्टब्रूक यांचंही तेच: पहिला माणूस अडवायचा, दुसरा चेंडू घ्यायचा. खेळाडूच्या नावावर किती जमा झाले यापेक्षा, तो कोर्टवर असताना संघाची टक्केवारी किती आणि बाकावर बसला की किती, हे विचारायला हवं.

आमच्या सोसायटीमागच्या कोर्टवर रविवारी मुलींचे सामने होतात. मी काठावर वही घेऊन बसते. बहुतेक रिबाउंड कुठे जातात माहीत आहे? उजव्या कोपऱ्यातून शॉट सुटतो, आमच्या पाचही जणी मान वर करून चेंडू बघतात, आणि डाव्या बाजूने, बास्केटमागच्या बेसलाइनवरून, समोरची सगळ्यात बुटकी मुलगी गुपचूप आत शिरते. कोपऱ्यातून चुकलेला चेंडू बहुधा पलीकडच्याच बाजूला उडतो. तिथे तिला अडवायचं होतं ते आमच्या गार्डने (बास्केटपासून लांब खेळणारीने), सेंटरने नव्हे. म्हणून मी वहीत चेंडू कुणी घेतला याच्या शेजारी ‘कुणाची सुटली’ असा रकाना ठेवते. त्या रकान्यात सेंटरचं नाव क्वचितच येतं.

एक गोष्ट मात्र खोट म्हणून मोजू नये. ऑफेन्सिव्ह रिबाउंड कमी असणं हा अनेकदा प्रशिक्षकाचा निर्णय असतो. शॉट सुटताच तिघे-चौघे मागे पळाले, तर प्रतिस्पर्ध्याचे सोपे फास्ट ब्रेक, म्हणजे झटपट पलटहल्ले, टळतात. डॉक रिव्हर्स यांच्या हाताखालचे सेल्टिक्स वर्षानुवर्षे तसेच खेळले. उलट टोक ह्यूस्टनचं. २०२४-२५ मध्ये ऑफेन्सिव्ह रिबाउंडमध्ये लीगमध्ये पहिला संघ, आणि प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत बुटक्या म्हणवल्या जाणाऱ्या वॉरियर्सकडून सातवा सामना १०३-८९ असा हरून घरी.

तेव्हा विनंती एवढीच. एनबीएवर लिहिताना ऑफेन्सिव्ह आणि डिफेन्सिव्ह रिबाउंडची टक्केवारी वेगवेगळी द्यावी. क्रिकेटच्या धावफलकाएवढी जागा मागत नाही, दोन ओळी पुरतात. आणि ठाणे जिल्ह्याच्या स्पर्धांचे निकाल छापताना ‘सर्वाधिक गुण अमुक’ याच्या जोडीला रिबाउंडचाही आकडा यावा. अडचण ठाऊक आहे: अधिकृत स्कोअरशीटवर गुण, फाउल आणि टाइम-आउट लिहितात, रिबाउंडला तिथे रकानाच नसतो. पण टेबलाशेजारी एक मुलगी कागद-पेन घेऊन बसवली की काम होतं. आयोजकांकडे आपल्या वार्ताहराने तो कागद मागायला सुरुवात केली, तर पुढच्या स्पर्धेपासून ते ठेवू लागतील.

आपली,
एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे (प.)